बारा पुरी होऊ देत

“पाटील, तुझा हात बघ जरा. अळवाच्या पानावरच्या थेंबागत हलतोय. या हातानं लेकराच्या तोंडात तार घालू नकोस, बाई.”

सांगलीच्या दातांच्या कॉलेजातल्या एका लांबट खोलीत, प्लास्टरच्या पांढऱ्या जबड्यांच्या रांगेसमोर, सर एवढंच बोलले होते. रागावून नव्हे, मायेनंच. गुणमाला पाटीलनं वाकवलेली तार त्यांनी उजेडाकडं धरून बघितली आणि टाकून दिली. त्याला आता बावीस वर्षं झाली. सर गेले. ती खोली पाडून तिथं नवी इमारत आली. आवाज तेवढा मागं राहिला.

जैनांच्या दशलक्षण पर्वाचे दिवस होते ते. गुणमालाचा निर्जळी उपवास. आदल्या संध्याकाळपासून पोटात पाण्याचा घोट नव्हता, आणि आष्ट्याहून सकाळच्या गर्दीच्या एसटीत ती उभ्यानं आली होती. हात हलत होता तो भुकेनं. तिला हे तेव्हाही ठाऊक होतं. ‘सर, आज उपवास आहे,’ एवढं म्हणाली असती तर सर हसले असते, उद्या ये म्हणाले असते. ती गप्प राहिली. आणि ती गप्प राहिली म्हणून ते वाक्य तिच्या आत हळूहळू खरं होत गेलं.

पुढं तिनं पदवी घेतली, लग्न झालं, नवरा पारस लोणंदच्या कारखान्यात नोकरीला म्हणून तिनं लोणंदलाच दवाखाना थाटला. कांद्याच्या मार्केटकडं जाणाऱ्या रस्त्यावर, औषधाच्या दुकानावरची माडी. दाढ काढावी तर तिनंच. बाजाराला आलेली माणसं एकमेकांना सांगायची, “बाईनं दाढ काढली तर शेजारच्या दाढंला पत्ता लागत न्हाई.” कवळी बसवावी, दातात सिमेंट भरावं, मुळं साफ करावीत, हात दगडासारखा स्थिर. फक्त एखादं सात-आठ वर्षांचं लेकरू वाकडे दात घेऊन खुर्चीत बसलं, की तिच्या मनगटात तो थेंब हलायला लागायचा. शिक्षणाच्या पाच वर्षांत जिवंत लेकराचा एक दात तिनं सरकवला नव्हता. प्लास्टरला दुखत नाही, प्लास्टर रडत नाही, प्लास्टर वाढतही नाही. लेकरू वाढतं. भीती त्या वाढण्याचीच होती.

अशा लेकरांच्या आईबापांना ती एकच सांगायची, “दुधाचे दात पडू देत, मग बघू.” बहुतेकांचं त्यावाचून काही अडलं नाही. एकीचं अडलं.

सुभेदार नाथाजी पहिल्यांदा माडीचा जिना चढून आले त्याला दहा वर्षं झाली. लोणंदजवळच्या एका गावचे, लष्करातनं निवृत्त झालेले. मिशा वर, पाठ ताठ. मुलगा सीमेवर होता. बरोबर सून शालन आणि आठ वर्षांची नात संयोगिता.

“डॉक्टरीणबाई, ही आमची नात. हिचं वरचं दोन दात बगा. खालच्या दातांच्या मागं जाऊन बसल्यात. मोर्चा सोडून पळाल्यावानी.”

“आबा, पळालं न्हाईत. लपल्यात,” खुर्चीतून आवाज आला आणि तोंड पुन्हा गच्च मिटलं.

“उघड की गं.”

“न्हाई. बाई सुई टोचत्यात.”

तेव्हा शालन पुढं झाली. लेकीच्या पायावर हात ठेवून, कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, तिनं ओवी धरली:

माझ्या गं लेकीचं। हसणं दुधावानी
दारीच्या तुळशीला। चांदणं झालं पाणी

लेकीला हसू आलं आणि हसताना तोंड उघडलं. गुणमालानं आरसा आत घातला.

दिसायचं ते सगळं तिला एका नजरेत दिसलं. वरचे दोन नवे दात खालच्यांच्या आत अडकले होते. पोर तोंड मिटताना खालचा जबडा जरासा पुढं सरकवून मिटत होती, एरवी दात जुळत नव्हते म्हणून. हाड अजून कोवळं होतं. वाट चुकलेलं, पण लांब गेलेलं नव्हतं. हाक मारली असती तर मागं वळलं असतं.

आणि हाक मारायची कशी हेही तिला माहीत होतं. घसा बघायची लाकडी पट्टी असते ना, तेवढीच. वरच्या दातामागं तिरकी धरायची, खालच्या दातावर टेकवायची आणि लेकराला हळू चावायला लावायचं. रोज थोडा थोडा वेळ, काही आठवडे. त्यानं नाही भागलं तर स्प्रिंगची छोटी प्लेट. तीही नको वाटली तर सांगलीला गोमटेशकडं चिठ्ठी. गोमटेश तिच्याच वर्गातला. पुढं तारांचंच शिकून मोठा डॉक्टर झालेला. पण त्या लांबट खोलीत तो तिच्या शेजारीच उभा होता. सरांचं वाक्य त्यानंही ऐकलं होतं. दोन दातांसाठी त्याच्याकडं पेशंट पाठवायचा, म्हणजे ‘अजून हलतो बरं का माझा हात’ असं लिहून पाठवण्यासारखंच.

तिनं खण उघडला. एक पट्टी उचलली. पट्टीचं टोक हललं, इतकंसं, डासानं बसून उडावं तेवढं. तिनं पट्टी परत ठेवली आणि खण लावून टाकला.

“अजून दुधाचे दात आहेत, सुभेदार. घाई नको. बारा पुरी होऊ देत, मग बघू.”

“बारा?”

“बारा.”

“लिवून द्या.”

तिनं दवाखान्याच्या कागदावर लिहून दिलं: बारा वर्षं पूर्ण झाल्यावर दाखवणे. खाली सही. नाथाजींनी उभ्यानंच वाचलं, चार घड्या घालून खिशात ठेवलं आणि टाच जुळवून म्हणाले, “हुकूम.”

जिन्यात पोचलेली संयोगिता परत पळत आली. दाराच्या चौकटीला धरून तिनं विचारलं, “बाई, तवर मी हासू का नगं?”

“हस की गं. भरपूर हस.”

वर्षभरानं शाळेत दातांची तपासणी झाली. कुणी नवा पोरगेला डॉक्टर आला होता. त्यानं संयोगिताचं तोंड बघून चिठ्ठी दिली, ताबडतोब उपचार करा, नंतर जड जाईल. नाथाजी ती चिठ्ठी घेऊन गुणमालाकडं आले, हसत हसतच.

“आवं, काल मिशी फुटल्यालं पोरगं. मला शिकवतंय, आजोबा, उशीर करू नका. म्या म्हनलं, आमच्या डॉक्टरीणबाईंचा लेखी हुकूम हाय. बारा म्हंजे बारा. फौजेत दोन ठिकानचं हुकूम ऐकनारा मानूस गोळी खातो, म्हनलं.”

त्या क्षणी एक शब्द पुरला असता. ‘तो पोरगा बरोबर आहे, सुभेदार.’ गुणमालाच्या ओठांवर तो आलाही. पण नाथाजी इतक्या विश्वासानं हसत होते, की तो विश्वास मोडायचा तिला धीर झाला नाही. असं तिनं नंतर स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे धीर झाला नाही तो स्वतःचा कागद फाडायचा. ती म्हणाली, “चहा घेणार?” आणि नाथाजींनी चहा घेतला.

बाराव्या वाढदिवसादिवशी, सकाळी दहाच्या ठोक्याला, तिघंही माडीवर हजर. नाथाजींच्या हातात साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा पुडा आणि तो कागद.

“पार्टी हाजिर हाय, बाई.”

संयोगिता वर आली ती मान खाली घालून. उंच झाली होती. पळण्यात तालुक्यात पहिली आली होती. आणि खालचा जबडा चेहऱ्याच्या पुढं निघून गेला होता. गुणमालानं आरसासुद्धा घेतला नाही. दारातनंच तिला कळलं.

त्या दिवशी तिनं गोमटेशला चिठ्ठी लिहिली. हात हलला नाही. आता लिहिण्यात भीती कसलीच उरली नव्हती.

तीन दिवसांनी गोमटेशचा फोन आला. “गुणा, फोटो काढले, मापं घेतली. आठ-नऊच्या दरम्यान हातात मिळाली असती तर... आता वाढ थांबू दे. मग दोन वर्षं तारा, मग जबड्याचं ऑपरेशन. दुसरी वाट नाही.”

“हं.”

“म्हाताऱ्यानं तुझा कागद दाखवला. मी काही बोललो नाही, काळजी करू नकोस. हे रक्तातनं येतं, म्हणालो. आईच्या माहेरी कुणाचा असा जबडा आहे का विचारलं. तिच्या भावाचा आहे म्हणे. सुटलो मग.”

सुटलो मग. डॉक्टर डॉक्टरला सांभाळून घेतो, त्यात गोमटेशनं काय वेगळं केलं? पण दोघांना सुटायला एक तिसरं माणूस अडकवावं लागलं होतं, आणि ती शालन होती.

गावात मग कुणी म्हणालं, मामाच्या वळणावर गेली पोर. कुणी म्हणालं, लहानपणी वरचे दात आधी आले, ते मामाला जड असतात, तेव्हाच मामाकडनं काय ते करून घ्यायला पाहिजे होतं. नणंद म्हणाली, बघून करायला पाहिजे होती सोयरीक. शालन तेव्हापासून पदराचं टोक हनुवटीवर धरून बोलायला लागली. तिचा स्वतःचा जबडा चारचौघींसारखा होता, तरी. दाढ दुखते म्हणून ती एकदा एकटी आली, खुर्चीत बसली, आणि पदर काढायला सांगितल्यावर तिला इतकी लाज वाटली की गुणमालाच खिडकीकडं बघत उभी राहिली. ओवी त्या खोलीत पुन्हा कधी ऐकू आली नाही.

जैनांच्या घरात दशलक्षणानंतर क्षमावाणी येते. सगळ्यांची क्षमा मागायची. सासूची, शेजारणीची, कामवालीची, वर्षभर ज्यांच्याशी बोलणं झालं त्या सगळ्यांची. गुणमाला दरवर्षी शंभरएक जणांना फोन करायची, निरोप धाडायची. कळत नकळत काही चुकलं असेल तर क्षमा असावी. त्यातल्या एकाचंही तिनं काही बिघडवलेलं नसायचं. नाथाजींचा नंबर तिच्याकडं होता. सहा वर्षं तो आला की तिचं बोट पुढच्या नावावर सरकायचं.

यंदा क्षमावाणीच्या दिवशी दुपारी चारला ते दोघं आपणच आले, नाथाजी आणि शालन. नाथाजींची कवळी तयार होती. वरचे-खालचे सगळे दात गेलेले, गेल्या महिन्यात मापं दिलेली. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून गुणमाला साडेपाचला दवाखाना बंद करी, आणि आज शेवटचा नंबर त्यांचाच होता. टेबलावरचा फोन सारखा वाजत होता. उत्तम क्षमा, उत्तम क्षमा. तिनं तो पालथा घातला.

“या सुभेदार. संयोगिता कशी आहे? भरतीला गेली होती ना?”

नाथाजी खुर्चीत बसले. पाठ टेकली. इतक्या वर्षांत ती पाठ टेकलेली तिनं पाहिली नव्हती.

“पळण्यात पयली आली,” ते म्हणाले. “मिलिटरी पोलिसात पोरींची भरती हुती. पयली आली, बाई. उंचीत बसली, वजनात बसली, लेखी झाली. मेडिकलला तोंड उघड म्हनले.”

पुढचं शालन बोलली, दाराजवळून, पदर हनुवटीवर धरून. “दात जुळत न्हाईत म्हनले. जबडा बसत न्हाई. घरी पाठवली.”

“ऑपरेशन करून परत...”

“वय सरतंय तवर. दोन वर्सं तारा, मग ऑपरेशन, मग हाड भरून यायचं. इचारलं आमी.” शालननं क्षणभर पायाकडं बघितलं. “चुलीवर चपात्या टाकायच्या तरी पोर त्वांडाला स्टोल बांधून टाकती. काढत न्हाई. जेवताना भिंतीकडं त्वांड करून बसती.”

गुणमालानं कवळी डबीतून काढली, पाण्यातनं झटकली. करण्यासारखं तेवढंच होतं. “आ करा, सुभेदार.”

कवळी बसली. चांगली बसली. तिनं आरसा पुढं धरला. आरशात दात असलेला, ताठ मिशांचा, दहा वर्षांपूर्वीचा एक माणूस दिसला. नाथाजींनी त्याच्याकडं बघितलं, आणि दोन बोटांनी कवळी काढून तिच्या हातात दिली.

“ऱ्हाऊ द्या, बाई. तिचं हसू गेलं. म्या कुनाला दात दाखवू?”

“सुभेदार, जेवायला तरी...”

“पातळ खाईन.” बोळक्या तोंडातनं शब्द हवेसारखे निघत होते. “घरात तीन फोटो हायेत वर्दीतलं. माझ्या बाचा, माझा, पोराचा. चवथा खिळा ठोकून ठेवलाय म्या, ही पाचवीत हुती तवा. त्यो रिकामा खिळा रोज बगायचा. परवा राग आला मला. ताटावर बसलो हुतो. सुनंला बोललो, तुमच्या माहेरनं आलं ह्ये. माझ्या नातीचं वाटुळं तुमच्या भावाच्या जबड्यानं केलं.” त्यांनी मान फिरवली. “चुकलं माझं. अन्नावर बसून बोलाय नगं हुतं.”

“मामंजी, ऱ्हाऊ द्या की ते,” शालन म्हणाली. मग गुणमालाकडं वळली. जवळ आली, आवाज उतरवून बोलली, सासऱ्यांना ऐकू जाऊ नये असा, पण खोली लहान होती. “बाई, एक इचारू? हसू नगा. किडनी देत्यात न्हवं आई लेकीला? तसं माझं हाड काडून तिला बसवता येत न्हाई का? दोष माझाच हाय, तर माझंच घ्या. मला काय, मी पदर धरती की.”

पालथा फोन टेबलावर थरथरत राहिला.

नाथाजींनी सदऱ्याच्या आतल्या खिशातनं प्लास्टिकची पिशवी काढली. पेन्शनचं पुस्तक त्यात होतं, ओळखपत्र होतं, आणि चार घड्यांचा एक कागद. घड्यांवर तो पिवळा पडून झिजला होता. त्यांनी तो गुडघ्यावर सपाट केला.

“बाई, आता तुमी मला खरं सांगा. झोप लागंना मला. हितं बारा पूर्ण झाल्यावर लिवलंय. आमी बारा पूर्ण झाली त्याच दिवशी आणली. दहाच्या टायमाला हुबा हुतो. पर मनात येतंय, तारखंत माझी चूक झाली का? साळंच्या दाखल्यावर तिची तारीख दोन महिनं पुढची लागलीया. म्या दाखल्याची तारीख धरली, खरी न्हाई. सरकारी कागद मोठा, असं वाटलं मला. त्या दोन महिन्यांत हाड पुढं गेलं असंल का, बाई? म्या दोन महिनं उशीर केला का?”

दोन महिने. चार वर्षं तिनं घेतली होती, आणि हा म्हातारा दोन महिन्यांचा हिशेब काळजात धरून रात्र रात्र जागत होता. शालननं पदर आणखी वर ओढला. “न्हाई मामंजी, तुमचं न्हाई. माझंच रगत.”

“तू गप. तारीख म्या धरली.”

दोघं एकमेकांच्या हातातनं ते ओझं ओढून घेत होते, जशी गावाकडं माणसं दुसऱ्याच्या डोक्यावरचा भारा उतरवून घेतात. जिचा भारा होता, ती हातात कवळी घेऊन मोकळी उभी होती.

गुणमालानं कवळी पाण्यात ठेवली. खण उघडला. लाकडी पट्ट्यांतली एक काढली आणि टेबलावर, त्या दोघांच्या मधोमध ठेवली. आज ती पोटभर जेवलेली होती. उपवास नव्हता. तरी हात हलत होता, आणि या वेळी तिनं तो लपवला नाही.

“कागद द्या तो, सुभेदार,” ती म्हणाली. “तारीख तुमची चुकली नाही. शालनताई, पदर खाली घ्या. भावाचा जबडा असेल तसा असू दे. आठव्या वर्षी तुमची लेक या खुर्चीत बसली, तुम्ही ओवी म्हणालात आणि ती हसली, तेव्हा मला सगळं दिसलं होतं. ही पट्टी मी हातात घेतली होती. हिनं झालं असतं. नसतं झालं तर सांगलीला पाठवता आलं असतं. कदाचित तरीही नसतं झालं, पण ते ‘कदाचित’ तुमच्या लेकीचं होतं आणि मी ते ठेवून घेतलं. लहान लेकराच्या दाताला हात लावायची मला भीती वाटते. तेव्हाही वाटत होती. आणि भीती वाटते म्हणायची लाज वाटली, म्हणून मी बारा लिहिले.”